बंडखोरांना पदबंदी : चौदाव्या घटनादुरुस्तीतल्या तिसऱ्या कलमाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२४ रोजी कोलोरॅडो राज्याच्या न्यायालयाचा अपात्रतेचा निकाल फिरवला आणि तेव्हाचे माजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव त्या राज्याच्या मतपत्रिकेवर कायम राहिले. वाद ज्या कलमावरून पेटला ते १८६८ सालचे. संविधानाची शपथ घेतलेला माणूस पुढे बंडात सामील झाला तर त्याला सरकारी पद नाही, आणि ही बंदी उठवायची तर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत, एवढाच त्याचा आशय. मतदानाचा हक्क या कलमाने कोणाचाही काढून घेतला नव्हता, हे पुष्कळदा विसरले जाते.

यादवी युद्ध, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांनी फुटून निघून उत्तरेशी केलेले युद्ध, का झाले, कसे संपले हे सांगत बसत नाही. आपला विषय सुरू होतो १८६५च्या उत्तरार्धात. लिंकन यांच्या खुनानंतर आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी माफीची पत्रे सढळ हाताने वाटली आणि मुक्त गुलामांना कसायला दिलेल्या किनारपट्टीवरच्या जमिनीही बहुतांशी जुन्या मालकांना परत केल्या. दक्षिणेतल्या राज्यांनी मग वॉशिंग्टनला पाठवण्यासाठी निवडले ते फुटीर राजवटीतलेच पुढारी आणि सेनाधिकारी. जॉर्जियाने तर १८६६च्या जानेवारीत त्या राजवटीच्या उपाध्यक्षांनाच सिनेटवर निवडले. काँग्रेसने यांना आत घेतले नाही. त्यामागे नुसता राग नव्हता, आकडेमोडही होती. गुलामगिरी असताना प्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम तीन माणसांइतके धरत. ती संपल्यावर प्रत्येक जण पूर्ण मोजला जाणार. म्हणजे युद्ध हरलेल्या दक्षिणेच्या जागा उलट वाढणार, आणि त्यांवर कृष्णवर्णीयांना मत नाकारणारेच येऊन बसणार.

हे रोखण्यासाठी तिसरे कलम आले. ते मंजूर झाले, पण त्याची अंमलबजावणी कोणी करायची याचे उत्तर त्यात नव्हते. पहिली मोठी कसोटी व्हर्जिनियात लागली. गोळी झाडल्याच्या आरोपावरून एका कृष्णवर्णीय माणसाला दोन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा देणारा न्यायाधीश युद्धापूर्वी शपथ घेतलेला आणि युद्धकाळात फुटीर बाजूच्या विधिमंडळात बसलेला. म्हणजे त्या खुर्चीवर बसण्याचा त्याला अधिकारच नव्हता, असे म्हणत जिल्हा स्तरावरच्या संघीय न्यायाधीशांनी कैद्याला सोडले. अपिलात सरन्यायाधीशांनी १८६९ मध्ये हा आदेश उलटवला. कलम आपोआप लागू होते असे मानले तर दक्षिणेतल्या अशा सर्व अधिकाऱ्यांचे निवाडे, दस्तऐवज, आदेश एका फटक्यात रद्द होतील, म्हणून आधी काँग्रेसने कायदा करावा, असे त्यांचे म्हणणे. व्यवहार म्हणून यात तथ्य आहे, पण हेच सरन्यायाधीश १८६८च्या डिसेंबरात फुटीर राजवटीच्या अध्यक्षांवरील देशद्रोहाच्या खटल्यात नेमके उलटे बोलले होते. तिथे बचाव असा होता की तिसऱ्या कलमाने शिक्षा आधीच झाली आहे, दुसरी कशाला? तो त्यांना पटला. त्याच वेळी कलम आपोआप लागू होत होते! तो खटला नाताळच्या दिवशी जाहीर झालेल्या सरसकट माफीत विरून गेला. बंडाच्या म्होरक्याला कलमाचा आधार मिळाला, व्हर्जिनियातल्या कैद्याला मिळाला नाही. कायद्याच्या पुस्तकांत ही जोडी क्वचितच शेजारी ठेवतात.

काँग्रेसने १८७० मध्ये कायदा केला. अपात्र माणसांना पदावरून हटवण्याचे काम त्यात संघीय सरकारी वकिलांवर सोपवले होते. तो दोन वर्षेही नीट चालला नाही. २२ मे १८७२च्या कायद्याने काहीशे बडे पुढारी वगळता सगळ्यांची बंदी उठली. मॅसॅच्युसेट्सच्या एका सिनेटरने याच माफीला समान नागरी हक्कांचे विधेयक जोडायचा आग्रह धरला होता: बंडखोरांना परत घ्यायचे तर कृष्णवर्णीयांनाही हक्क द्या. अखेर माफी एकटीच मंजूर झाली. जॉर्जियाने निवडलेले फुटीर राजवटीचे ते माजी उपाध्यक्ष १८७३ मध्ये प्रतिनिधिगृहात येऊन बसले आणि जानेवारी १८७४ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध बोलले. त्यांना उत्तर दिले ते साउथ कॅरोलायनाच्या एका कृष्णवर्णीय सदस्याने. विधेयक १८७५ मध्ये संमत झाले, पण शाळा वगळून, आणि १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा गाभाच काढून टाकला.

महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती १८७३ मध्ये. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले, आणि मोजक्या आरोपींना झालेली शिक्षाही १८७६ मध्ये टिकली नाही.

पुढचे थोडक्यात. १८७७च्या एप्रिलमध्ये लुइझियाना आणि साउथ कॅरोलायनातल्या शेवटच्या दोन रिपब्लिकन (लिंकन यांच्या पक्षाच्या, कृष्णवर्णीयांच्या मतांवर उभ्या) सरकारांचे लष्करी संरक्षण निघाले. १८९०च्या नव्या संविधानाने मिसिसिपीने मतदानावर कर आणि साक्षरतेची अट घातली. लुइझियानात कृष्णवर्णीय मतदार सव्वा लाखावरून १९०४ पर्यंत दीड हजाराच्या आत आले. इकडे १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, बंडखोरांवरची उरलीसुरली बंदीही उठवली गेली. फुटीर सैन्याचे काही माजी सेनापती तेव्हा अमेरिकी गणवेशात होते.

कलम मात्र संविधानात राहिले. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांच्या समर्थकांनी संसद भवनावर हल्ला केला तेव्हा ते पुन्हा बाहेर निघाले. न्यू मेक्सिकोच्या न्यायालयाने २०२२ मध्ये एका काउंटी आयुक्ताला त्याच आधारे पदावरून दूर केले आणि ते टिकले. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी त्याच हल्ल्यावरून ट्रम्प यांना अपात्र ठरवले, ते टिकले नाही. संघीय पदाच्या उमेदवाराला एखादे राज्य असे वगळू शकत नाही, यावर नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. पाच जण त्यापुढे जाऊन म्हणाले की काँग्रेसचा कायदाच हवा. त्यासाठी उल्लेख आला १८६९च्या व्हर्जिनियातल्या निकालाचा. चौघांना ही पुढची मजल अनावश्यक वाटली.

काँग्रेसने १८७० मध्ये केलेली पदावरून हटवण्याची तरतूद १९४८ मध्ये रद्द झाली आहे. बंडाचा गुन्हा सिद्ध झाल्यास पदबंदी घालणारे फौजदारी कलम अजून पुस्तकात आहे, पण २०२१च्या हल्ल्यातल्या एकाही आरोपीवर ते लावले गेले नाही.