नेच्याची थोरली पिढी

पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडे जांभ्याची ओली भिंत दिसली की लोक नेच्यांचे फोटो काढतात. पोरं रुपेरी नेच्याचं पान तळहातावर दाबून पांढरा छाप उमटवतात. त्याच भिंतीला कधी कधी करंगळीच्या नखाएवढी, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची हिरवी चकती चिकटलेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. तीही नेचाच, पण दुसऱ्या पिढीचा. पुस्तकात तिचं नाव प्रोथॅलस, म्हणजे नेच्याची युग्मकधारी, नर-मादी पेशी तयार करणारी पिढी.

नेच्याला ना फूल, ना बी. मग तो वाढतो कसा, हे युरोपात जुनं कोडं होतं. जमैकातले शल्यवैद्य जॉन लिंडसे यांनी पानामागची भुकटी पेरून रोपं उगवली आणि १७९४ मध्ये ते छापून आलं. भुकटीतून, म्हणजे बीजाणूंतून, आधी ही चकती येते. चकतीवरचे नर अवयव वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना १८४४ मध्ये दिसले, मादी अवयव लेश्चित्स-सुमिन्स्की यांना १८४८ मध्ये. नेच्याचं लग्न पानावर नव्हे, चकतीच्या पोटाशी लागतं! मळसूत्री नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात. मॅलिक आम्ल त्यांना खेचून घेतं, हे फेफर यांनी १८८४ मध्ये दाखवलं.

सगळे धागे जुळवले ते विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी. लाइपझिगमध्ये संगीताची पुस्तकं विकणारा, पदवी नसलेला माणूस. वय २७. १८५१ च्या त्यांच्या ग्रंथात मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांच्यात दोन पिढ्या आलटून पालटून येतात हे मांडलं होतं, तेही डार्विनच्या ग्रंथाच्या आठ वर्षं आधी. मॉसमध्ये आपल्याला दिसतं ते हिरवं रोप युग्मकधारी असतं. नेच्यात नेमकं उलटं.

यातली थोरली कोण? मला चकती थोरली वाटते. जमिनीवरच्या वनस्पतींच्या सगळ्यात जवळच्या हिरव्या शैवालांत अख्खं शरीर एकेरी गुणसूत्रांचं असतं, दुहेरी फक्त फलित पेशी. चकतीही एकेरीच, पानांचा नेचा मात्र दुहेरी. म्हणजे डौलदार पानांचा नेचा ही नंतर आलेली पिढी. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावातल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात थोरलीचे जीवाश्म सापडले आहेत. ती तिथे चपटी नाही, उभ्या दांड्यांची आहे.

पुढे ती आकसतच गेली. पठारांवरच्या पावसाळी डबक्यांत वाढणारी आयसोएटीस ही नेच्यांची लांबची नातलग; तिच्या एका जातीला पाचगणीचंच नाव आहे. तिची मादी पिढी बीजाणूच्या कवचाबाहेर फारशी पडतच नाही. सांगलीकडच्या शाळवाच्या परागकणात तर नर पिढी तीन पेशींवर आली आहे.