अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकर जुळणी

अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकर जुळणी : स्पीकरच्या विद्युतभाराला व संवेदनक्षमतेला (ठराविक विजेवर तो किती मोठा वाजतो त्याला) पुरा पडेल असा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या आधीची उपकरणे निवडून जोडण्याची पद्धत. उच्च प्रतीच्या घरगुती स्पीकरांच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची ठरते. असे स्पीकर बहुधा कमी संवेदनक्षम असतात आणि त्यांतील गुंतागुंतीच्या क्रॉसओव्हरमुळे (खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या युनिटांना वाटून देणाऱ्या मंडलामुळे) अ‍ॅम्प्लिफायरवरचा भार सुरागणिक बदलतो. प्रस्तुत नोंदीत विषयाच्या तांत्रिक बाजूबरोबर बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी या कर्नाटकातील मराठीभाषक पट्ट्यातील घरे, वीजपुरवठा आणि देवळांतील ध्वनियोजना यांचाही विचार केला आहे.

इतिहास : चलकुंडल (हलत्या वेटोळ्याच्या) स्पीकरचा जनक कोण, याविषयी एकमत नाही. अर्न्स्ट झीमेन्स यांनी १८७४ साली चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचे पेटंट घेतले, पण त्या वेळी ते हलवण्याजोगा ध्वनिसंकेतच उपलब्ध नव्हता. ऑलिव्हर लॉज यांचे पेटंट १८९८ चे. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात भोंगा बसवलेला चलकुंडल स्पीकर जाहीर सभांसाठी वापरला आणि काही लेखक त्यांनाच अग्रमान देतात. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये केलेल्या कामात मात्र शंकूचा अनुनाद (ज्या सुराला तो स्वतःहून सर्वाधिक थरथरतो तो सूर) वापराच्या पट्ट्याच्या खाली ठेवण्याचे तत्त्व स्पष्टपणे मांडले गेले. आजचा घरगुती स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. जुळणीच्या दृष्टीने हे अखेरचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण राइस-केलॉग यांनी स्पीकरसोबत त्याला चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचाही विचार केला होता. १९२६ मध्ये बाजारात आलेल्या रेडिओला १०४ या स्पीकरच्या पेटीतच सुमारे १ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर होता. पुढे व्यापाराच्या सोयीसाठी दोन्ही वस्तू वेगळ्या विकल्या जाऊ लागल्या आणि जुळणीचा प्रश्न ग्राहकाच्या दारी आला.

‘जितका ओहम अ‍ॅम्प्लिफायरचा तितकाच स्पीकरचा’ ही समजूत अजूनही प्रचलित आहे. तिचे मूळ बहुधा दोन ठिकाणी आहे. मोरिट्झ याकोबी यांनी १८४० च्या सुमारास मांडलेल्या नियमानुसार उगम व भार यांचे रोध समान असले की भाराला कमाल शक्ती मिळते. टेलिफोनच्या ६०० ओहमच्या तारांनी हा नियम अभियंत्यांच्या अंगवळणी पाडला. दुसरे मूळ व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये. त्यावरील ४, ८ व १६ ओहमची टोके स्पीकरनुसार निवडावी लागतात. पण याकोबींचा नियम शब्दशः पाळला तर अर्धी शक्ती अ‍ॅम्प्लिफायरमध्येच उष्णता होऊन वाया जाते. व्हॉल्व्हचे टोक निवडताना व्हॉल्व्हला सोयीचा भार मिळावा एवढाच हेतू असतो, दोन्ही रोध सारखे करण्याचा नाही. हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचलेले निगेटिव्ह फीडबॅकचे (बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत देण्याचे) तंत्र रुळल्यानंतर अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध ओहमच्या अंशावर आला. १९६० नंतरच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही बहुतेक गेला. तेव्हापासून घरगुती जुळणीचा खरा अर्थ असा : कोणत्याही सुरावर, स्पीकर कितीही प्रवाह मागो, अ‍ॅम्प्लिफायरने आपले व्होल्टेज ढळू देता कामा नये.

इम्पीडन्सची वक्ररेषा : स्पीकरच्या पाठीवर छापलेला ‘८ ओहम’ हा आकडा केवळ नाममात्र असतो. मल्टिमीटर लावला तर अशा स्पीकरच्या वेटोळ्याचा रोध सहसा ६ ओहमच्या आसपास दिसतो. प्रत्यक्ष इम्पीडन्स, म्हणजे त्या त्या सुराच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, वूफरच्या (खर्जाच्या युनिटच्या) अनुनादाला ३० ओहम किंवा त्याहूनही वर चढतो, मधल्या पट्ट्यात खाली येतो आणि क्रॉसओव्हरजवळ पुन्हा हेलकावतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ६.४ ओहमखाली जाता कामा नये. अनेक महागडे स्पीकर हे बंधन पाळत नाहीत. त्यामुळे खरेदीच्या वेळी नाममात्र आकड्याऐवजी किमान इम्पीडन्स आणि तो कोणत्या वारंवारतेला येतो, हे विचारावे.

कलाकोनाकडे, म्हणजे प्रवाह व व्होल्टेज यांच्या ठेक्यातील अंतराकडे, याहूनही अधिक दुर्लक्ष होते. प्रवाह व व्होल्टेज एकाच ठेक्यात नसले की अ‍ॅम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टरवर एकाच क्षणी जास्त व्होल्टेज आणि मोठा प्रवाह असा दुहेरी ताण येतो. नेहमीच्या एबी वर्गाच्या रचनेत, पूर्ण व्होल्टेजवर, ४५ अंशांच्या कलाकोनाचा भार त्याच ओहमच्या शुद्ध रोधापेक्षा ट्रान्झिस्टरमध्ये २.८ पटींच्या आसपास शिखर-उष्णता निर्माण करतो. कागदावर ४ ओहमचा दिसणारा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला दीड ओहमसारखा जड वाटतो तो यामुळे.

काही प्रसिद्ध उदाहरणे या संदर्भात नेहमी दिली जातात. १९५७ सालचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विद्युतदृष्ट्या धारित्रासारखा (कपॅसिटरसारखा) आहे. वरच्या सुरांना त्याचा इम्पीडन्स २ ओहमच्या आसपास उतरतो आणि सुरुवातीचे कित्येक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर त्यावर अस्थिर होत. १९८० च्या दशकातील अपोजी सिंटिला या रिबन स्पीकरचा भार १ ओहमवर येई. ८ ओहमला २० व्होल्ट दिले तर प्रवाह २.५ अँपिअर आणि शक्ती ५० वॅट. तेच २० व्होल्ट १ ओहमला दिले तर २० अँपिअर लागतात, आणि हे फार थोड्या अ‍ॅम्प्लिफायरांना झेपते. याच्या उलट बीबीसीने १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस ३/५ए. त्याचा इम्पीडन्स आधी १५, नंतरच्या आवृत्तीत ११ ओहम, म्हणजे भार हलका. पण संवेदनक्षमता जेमतेम ८२ ते ८३ डेसिबल, म्हणून वॅट अधिक लागतात.

अंतर्गत रोध व डॅम्पिंग : एखाद्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध २ ओहम असेल आणि स्पीकरचा इम्पीडन्स ४ ते ३० ओहम असा बदलत असेल, तर नुसत्या त्या कारणाने सुरासुरांच्या पातळीत ३ डेसिबलचा फरक पडतो. हा फरक कानाला सहज कळतो. ०.०५ ओहमच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर तोच फरक ०.१ डेसिबल इतकाच राहतो. व्हॉल्व्हच्या आवाजातील ‘गोडव्या’चा बराच भाग येथून येतो, असे मानणारा पक्ष मोठा आहे. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरात फेरफार करून एका महागड्या अ‍ॅम्प्लिफायरची बरोबरी करून दाखवली. एका नियतकालिकाच्या परीक्षकांना त्यानंतर दोहोंतला फरक ओळखता आला नाही. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला स्वतंत्र स्वभाव असतो, असे म्हणणारा दुसरा पक्षही आहे. त्यांच्या अनुभवांना मोडीत काढण्याचे कारण नाही, परंतु आवाजाची पातळी समान ठेवून आणि कोणते यंत्र वाजते आहे ते न दाखवता केलेल्या चाचण्यांत हे फरक बहुधा विरघळतात. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इम्पीडन्स भागिले अंतर्गत रोध) ५० च्या पुढे गेल्याने फारसे साधत नाही, कारण वेटोळ्याचा स्वतःचा ६ ओहमचा रोध त्या मार्गात असतोच.

वायरीबद्दल थोडक्यात. १० मीटर अंतरासाठी २.५ चौरस मिमी तांब्याच्या दुहेरी वायरीचा एकूण रोध सुमारे ०.१४ ओहम, तर ०.७५ चौरस मिमी वायरीचा ०.४६ ओहम. स्पीकरचा इम्पीडन्स ४ ओहमवर उतरतो तेथे दुसरी वायर जवळजवळ १ डेसिबल खाते. इलेक्ट्रिकच्या दुकानातली चांगली २.५ ची वायर पुरते.

वॅटचा हिशेब : स्पीकरची संवेदनक्षमता २.८३ व्होल्टला (८ ओहममध्ये १ वॅट) १ मीटरवर किती डेसिबल, अशी सांगतात. समजा ती ८६ आहे आणि श्रोता ३ मीटरवर बसला आहे. खोलीचा परावर्तित आवाज धरून अंतरामुळे सुमारे ६ डेसिबल घटतात आणि दोन स्पीकरांमुळे ३ वाढतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला बैठकीच्या जागी ८३ डेसिबल मिळतात. तबल्याच्या थापेचे शिखर १०० डेसिबलपर्यंत नेमके उमटावे असे वाटत असेल तर १७ डेसिबल वर जायला हवे, म्हणजे प्रत्येकी ५० वॅट. ८९ डेसिबलच्या स्पीकरला तेच काम २५ वॅटमध्ये होते, ८३ च्या स्पीकरला १०० लागतात. ख्यालगायनात सरासरी पातळी बेताची असते आणि थाप किंवा तान क्षणभरच उसळते, म्हणून ही शिल्लक बाळगावी. छोटा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याने वाजवून क्लिपिंगमध्ये नेला की खर्ज शेंड्याशी कापला जातो आणि ट्विटरला (वरच्या सुरांच्या युनिटला) त्याच्या वाट्याहून अधिक शक्ती जाते. जळालेल्या ट्विटरांमागे बरेचदा हेच कारण निघते.

आधीची उपकरणे : प्रीअ‍ॅम्प्लिफायरच्या (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या टप्प्याच्या) आउटपुट इम्पीडन्सपेक्षा पुढच्या उपकरणाचा इनपुट इम्पीडन्स निदान दहापट असावा. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडील मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार लागतो. मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजला बहुधा १०० ओहमच्या आसपास. सीडी प्लेअरचे २ व्होल्ट बहुतेक पॉवर अ‍ॅम्प्लिफायरांना भरपूर होतात.

सीमाभागातील परिस्थिती : कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी बेळगावजवळच आहे. शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत आणि भजन मनापासून ऐकणारी घरे या भागात आजही आहेत. जुळणीचा विचार येथे खोलीपासून सुरू करावा लागतो. खानापूरकडील जुन्या घरांत चिऱ्याच्या जाड भिंती, खाली फरशी आणि वर मंगळुरी कौले असतात. भिंती व फरशी मधले-वरचे सूर परत फेकतात, पण हलक्या कौलारू छपरातून खर्ज बाहेर निघून जातो. अशा खोलीत डग्ग्याचा घुमारा भरण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरकडे प्रवाहाची शिल्लक अधिक हवी. बेळगावच्या टिळकवाडी किंवा हिंदवाडीतील स्लॅबच्या फ्लॅटमध्ये नेमके उलट होते. तेथे १२ फूट लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद ४७ हर्ट्झच्या आसपास येतो आणि खर्ज फुगतो. तो अ‍ॅम्प्लिफायर बदलून जात नाही. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढावा लागतो.

गावाकडे शेतीपंप चालू असताना वीजदाब उतरतो. साध्या पॉवर सप्लायच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २३० चे १८० व्होल्ट झाले तर कमाल शक्ती सुमारे ६१ टक्क्यांवर येते, म्हणजे तोटा २ डेसिबलांचा. ऐकणाऱ्याला तो क्वचितच जाणवतो. खरा धोका दाब अचानक चढण्याचा असतो आणि स्टॅबिलायझर घ्यायचा तो त्यासाठी. जुन्या वाड्यांत अर्थिंग नीट नसल्यास ५० व १०० हर्ट्झची घरघर येते. अशा वेळी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याची चाल आहे. ती जिवावर बेतू शकते. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा पाणी घालून दुरुस्त करणे व सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घेणे हा योग्य मार्ग होय. पावसाळ्यात टर्मिनलवर ऑक्साइड चढते, ती जून-सप्टेंबरमध्ये अधूनमधून पुसावीत.

भजनी मंडळे व देवळांची योजना निराळी असते. तेथील अ‍ॅम्प्लिफायरला १०० व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक भोंग्यावर लाइन ट्रान्सफॉर्मर बसवून वॅटचे टोक निवडतात. येथे ओहमचा विचार करण्याची गरज नाही, निवडलेल्या वॅटची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त होऊ नये इतके पाहावे : २० वॅटचे पाच भोंगे १०० वॅटच्या मशीनवर चालतात. १० वॅटचे टोक १०० व्होल्टला १००० ओहमचा भार दाखवते. त्याच लाइनवर घरचा ८ ओहमचा स्पीकर थेट जोडला तर तो जळतो. ट्रान्सफॉर्मरविना भोंग्याचे युनिट बहुधा १६ ओहमचे असते, दोन समांतर जोडले की ८ ओहम होतात. गणपतीच्या मिरवणुकीतील ‘डॉल्बी’त आता अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच बसवलेले स्पीकर वाढत असून त्यांची जुळणी कारखान्यातच होऊन येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी असून सणासुदीला वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे.