भीती, उमेद आणि आत्याचं कॅलेंडर

एप्रिल २०२१. आत्या कोविड पॉझिटिव्ह आली. वय ५८, शुगर आहे, इचलकरंजीत एकटीच राहते आणि आम्ही सगळे पुण्यात अडकलेलो. फॅमिली ग्रुपवर दिवसाला पन्नास मेसेज, "सगळं ठीक होईल", "धीर सोडू नका", हात जोडलेले इमोजी, आणि मधेच कुणीतरी ऑक्सिजनच्या रांगेचा व्हिडिओ टाकायचा की झालं, परत सगळे गार. गंमत म्हणजे सगळ्यात शांत आत्याच होती. फोन केला की म्हणायची, "थांब रे, माझी सहा मिनिटं चालू आहेत."

तेव्हा आरोग्य खात्याने सांगितलेली ती वॉक टेस्ट आठवते का? बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, रीडिंग घ्यायचं, घरातच सहा मिनिटं चालायचं, परत बघायचं, आणि आकडा ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ हून जास्त उतरला तर डॉक्टरांना गाठायचं. आत्या ते आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची, जिथे एरवी दुधाचा हिशोब असतो. त्याखाली दोन फोन नंबर, एक डॉक्टरांचा आणि दुसरा गल्लीतल्या रिक्षावाल्याचा, ॲम्ब्युलन्स नाहीच मिळाली तर म्हणून.

मला वाटलं बाई खमकी आहे, बाकी काय. पण हा जो रिक्षावाल्याचा नंबर आहे ना, त्याच्यावर सायकॉलॉजीत एक अख्खी थिअरी आहे. अमेरिकेतल्या कॅन्सास युनिव्हर्सिटीतले सी. आर. स्नायडर यांनी १९९१ मधे 'होप' मोजायची एक प्रश्नावली छापली. त्यात १२ वाक्यं, पैकी ४ नुसती भरतीची, मार्क फक्त ८ ना. त्या आठातली निम्मी विचारतात की ठरवलेलं गाठायची जिद्द तुमच्यात आहे का, आणि उरलेली निम्मी विचारतात की तिथे पोचायचे रस्ते तुम्हाला सुचतात का, एक बंद झाला तर दुसरा. "सगळं छान होईल" असं वाटतं का, हे त्यात येतच नाही!

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेतच की. आशा लावून माणूस बसतो, आणि उमेदीने कामाला लागतो. स्नायडर जे मोजत होते ती आपली उमेद. आमच्या ग्रुपवर चालली होती ती आशा.

आता ही उमेद भीतीला अडवते कशी? स्नायडर आणि सहकाऱ्यांचा २००५ चा एक प्रयोग आहे, लोकांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं, सहन होईल तोवर. ज्यांचा होपचा स्कोअर जास्त त्यांचे हात जास्त वेळ पाण्यात राहिले. पाणी सगळ्यांना सारखंच गार होतं हं.

कोविडमधे २०२० लाच भीती मोजायची ७ वाक्यांची एक प्रश्नावली इराणमधे तयार झाली, हाताला घाम फुटतो का, काळजीने झोप उडते का, असली वाक्यं त्यात होती. आणि अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी ८०० हून जास्त लोकांना महिन्याच्या अंतराने दोनदा विचारलं. ज्यांच्यात आधी उमेद जास्त होती त्यांना पुढे कोविडचा ताण आणि घबराट कमी होती, आणि यातला बराचसा फायदा "माझ्या भावना माझ्या हातात आहेत" या जाणिवेतून येत होता. अर्थात हे सगळं ऑनलाइन प्रश्नोत्तरांवर चाललेलं, तेव्हा मुळात बिनधास्त माणसं उमेदीचे मार्कही जास्त देत असतील ही शंका राहतेच.

म्हणून मला मेंदूवालं काम जास्त पटतं. १९६७ मधे सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना शॉक दिले (वाचतानाही वाईट वाटतं), आणि ज्यांना तो बंद करता येत नव्हता त्यातली बरीचशी पुढे सुटका समोर असूनही पडून राहिली. निष्कर्ष काढला की ती हतबल व्हायला शिकली. पन्नासेक वर्षांनी, २०१६ मधे, त्याच दोघांनी उंदरांवरचं काम बघून लिहिलं की आपण उलटं समजलो होतो! त्रास लांबला की हातपाय गाळणं हे मेंदूत मुळातच असतं, ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या बुडाशी असलेल्या, सेरोटोनिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी ते आपोआप घडवतात. शिकावं लागतं ते दुसरंच, आपल्या करण्याने फरक पडतो हे, आणि ते एकदा कळलं की कपाळामागचा मेंदूचा भाग त्या पेशींना दाबून ठेवतो. म्हणजे "धीर सोडू नका" सांगून त्या भागाला काय मिळणार, त्याला हवं असतं काहीतरी करून बघणं आणि त्याचा परिणाम दिसणं.

एक मात्र आहे, उमेदीने बेड मिळत नव्हता. ज्यांना पाच हॉस्पिटलं फिरूनही जागा मिळाली नाही त्यांची उमेद कमी पडली असं कुणी म्हणत असेल तर तो निव्वळ नालायकपणा आहे, त्यांचे रस्तेच बंद होते.

आत्याचं ते पान तिने अजून ठेवलंय. एका चौकटीत ९२ लिहिलंय आणि त्याला दोनदा गोल केलाय, शेजारी "डॉ. ना फोन. पालथी झोपले", मग तासाभराची वेळ टाकून ९५. आणि त्याच चौकटीत खाली, बारीक अक्षरात, "दूध नाही".