पिकअपला फोर बाय फोर करायचंय? गॅसकटर लावण्याआधी आरटीओचे कागद समजून घ्या

मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस पडून गेला की आमच्या बागेतून डांबरी रस्त्याला लागणारा लाल मातीचा चढ साबणासारखा गुळगुळीत होतो. आंब्याच्या पेट्या भरलेली साधी पिकअप निम्म्या चढावर अडकते, मागची चाकं जागच्या जागी फिरत राहतात आणि शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरला हाक मारावी लागते. असे दोन हंगाम काढल्यावर मी गॅरेजवाल्याकडे विषय काढला. तो म्हणाला, "भंगारातून पुढचा एक्सल आणि ट्रान्स्फर केस आणू. पाट्यांच्या स्प्रिंगचे ब्रॅकेट मी इथेच वेल्ड करतो. पंधरा दिवसांत गाडी फोर बाय फोर." फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना; ट्रान्स्फर केस ही ती पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये वाटणारी गिअरपेटी. त्याच्या हाताबद्दल मला शंका नव्हती. पण पासिंगला गेल्यावर काय होईल, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते शोधायला मला बरेच दिवस लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी उत्तर सांगून टाकतो. नोंदणी झालेली टू-व्हील ड्राइव्ह पिकअप घरी किंवा गावच्या गॅरेजमध्ये फोर बाय फोर केली, तर आजच्या कायद्यात तो बदल आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, चढवून घेण्याची वाट नाही. अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. कंपनीने मूळ जे तपशील ठरवून दिले आणि जे नोंदणी प्रमाणपत्रात उतरले, त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही, हा त्याचा गाभा. 'बदल' या शब्दाची व्याख्याही तिथेच आहे: वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्याने त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. दोन चाकांना मिळणारी ताकद चार चाकांना देणं हे या व्याख्येत सरळ बसतं.

पूर्वी वेगवेगळ्या राज्यांत यात ढिलाई होती. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात ती संपवली. राज्याचे नियम काहीही म्हणोत, ते कलम ५२ च्या खालीच राहतात आणि कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणाऱ्या बदलाला मंजुरी देता येत नाही, असं त्या निकालाने स्पष्ट केलं. "अमक्याची गाडी तर पास झाली होती" असं कोणी सांगितलं, तर ती कोणत्या वर्षी पास झाली ते विचारा.

गॅरेजमध्ये आणखी एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: बदल करा आणि चौदा दिवसांत कळवा, झालं. कलमात चौदा दिवसांची मुदत आहे, हे खरं. पण ती आधी मंजुरी घेऊन केलेल्या बदलाची माहिती देण्यासाठी आहे. मंजुरी नसताना केलेलं काम चौदा दिवसांत कळवल्याने नियमित होत नाही.

आरसीचे कोणते रकाने हलतात

"बाहेरून तर काहीच दिसत नाही, मग कळणार कसं?" हा प्रश्न मीही विचारला होता. आरसीवर मॉडेल आणि इंजिन-चासी क्रमांकाखेरीज रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं कमाल वजन, प्रत्येक एक्सलवरचं नोंदलेलं वजन आणि टायरचे आकार असतात. चाकांना ताकद देणारा पुढचा एक्सल, ट्रान्स्फर केस, ताकद एक्सलपर्यंत नेणारा जादा दांडा (प्रॉपशाफ्ट) आणि ब्रॅकेट मिळून शंभर किलोच्या आसपास लोखंड गाडीवर चढतं आणि त्यातलं बरंचसं पुढच्या बाजूला येतं. रिकामं वजन आणि पुढच्या एक्सलचं वजन, दोन्ही रकाने कागदाशी जुळेनासे होतात. भरलेल्या गाडीच्या वजनाची मर्यादा मात्र तीच राहते. म्हणजे जितकं लोखंड चढलं तितक्या पेट्या कमी भरायच्या. मालवाहतुकीच्या गाडीला हे दरवर्षी खिशाला लागतं.

मालवाहू पिकअपचं योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी घ्यावं लागतं. निरीक्षक गाडीखाली वाकला की पुढच्या एक्सलमधली डिफरेन्शियलची गोल पेटी लपत नाही.

कागद बाजूला ठेवून तांत्रिक बाजूही पाहा, कारण कायद्याचा आग्रह तिथूनच येतो. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचं (क्राउन-पिनियनचं) गुणोत्तर एकच नसेल, तर फोर बाय फोर लावून कडक रस्त्यावर आल्यावर सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत सरळ एक्सल बसवायचा तर स्टीअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, खड्ड्यात चाक उचललं की गाडी आपोआप एका बाजूला ओढते. उंची वाढली की ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. चासीवरचं चुकीच्या जागी केलेलं वेल्डिंग तर तीन-चार वर्षांनी, भरल्या गाडीखाली, घाटात तडकतं. कंपनीने नमुना गाडी चाचणीला दिलेली असते ती याच गोष्टींसाठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे या चाचण्या ठरावीक संस्थाच करतात. पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांतल्या तीन आपल्याच राज्यात आहेत. पण तिथे नमुना देतो तो उत्पादक किंवा आयातदार. गावात केलेल्या एका गाडीसाठी हा मार्ग नाही.

दंड कोणाला

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. या पोटकलमात मालकाचं नाव घेतलं आहे. वेल्डिंग करणारा त्यात नाही. शिवाय कलम ५३ खाली नोंदणी प्राधिकारी, तुम्हाला बाजू मांडायची संधी देऊन, दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करू शकतो. फोर बाय फोर केलेल्या गाड्यांना पुढे जाड लोखंडी बुलबार लावायची हौस असते; तोही बेकायदा आहे आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं.

विम्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. न कळवलेला मोठा बदल सापडला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आधार मिळतो. कळवायला गेलात, तर ती आरसीवरची नोंद मागते, आणि ती तर मिळत नाही.

"गाडी फक्त माझ्याच बागेत चालवीन" हाही भक्कम बचाव नाही. नोंदणीशिवाय वाहन चालवू नये हे सांगणाऱ्या कलम ३९ मध्ये 'सार्वजनिक जागी' या शब्दांपुढे 'किंवा इतर कोणत्याही जागी' असंही आहे. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेलं खास वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येबाहेर राहतं. कालपर्यंत बाजारात जाणारी पिकअप त्यात बसवणं कठीण.

मग कोणत्या बदलासाठी अर्ज करता येतो

कलम ५२ च्या परंतुकात इंधन बदलण्याच्या किटला जागा आहे: सीएनजी, एलपीजी, बॅटरी. त्या किटला त्या-त्या मॉडेलसाठी चाचणी संस्थेची मान्यता असावी लागते आणि ती अधिकृत केंद्रातच बसवावी लागते. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या वापरासाठी गाडीत बदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने मंजुरी नंतर घेण्याचीही मुभा दिली आहे. पण ती गाडी फक्त त्या व्यक्तीसाठीच वापरायची. एखाद्या विशिष्ट कारणासाठी वेगळ्या बदलाला सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आरटीओला नाही. तिथल्या खिडकीवर विनवण्या करून उपयोग होत नाही तो यामुळेच.

चालण्याजोग्या बदलासाठी क्रम असा ठेवा. आधी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज आणि मंजुरी, मग काम, मग चौदा दिवसांत आरसी आणि शुल्कासह कळवणं, गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवणं, आरसीवर नोंद, आणि शेवटी विमा कंपनीकडे तीच नोंद. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, मालवाहू गाडी असेल तर योग्यता प्रमाणपत्र, किटच्या मान्यतेची प्रत, बसवणाऱ्या केंद्राचं प्रमाणपत्र आणि बिल, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. भाडे-खरेदी करारावरच्या गाडीत लेखी संमतीशिवाय बदल करू नये, असं कलम ५२ मध्येच आहे.

आता या यादीत फोर बाय फोर बसवून पाहा. किटच्या मान्यतेच्या कागदापाशीच अर्ज अडतो. एजंट "करून देतो" म्हणाला, तर त्या एका कागदाची प्रत आधी मागा.

चढ चढायचाच आहे, तर

कंपनीतूनच फोर बाय फोर आलेली पिकअप घेणं हा सरळ मार्ग. महिंद्रा बोलेरो कॅम्परची फोर-व्हील ड्राइव्ह आवृत्ती, इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स ही नावं डोळ्यांपुढे आहेत. जुन्या बाजारात टाटा झेनॉन आणि स्कॉर्पिओ गेटअवेच्या फोर बाय फोर आवृत्त्याही सापडतात. लष्कराच्या लिलावातली गाडी घेणार असाल, तर नमुना २० (फॉर्म २०) मधल्या अर्जासोबत संबंधित अधिकाऱ्यांचं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. लिलावाची साधी पावती पुरत नाही.

मी शेवटी जुनी, पण कारखान्यातूनच फोर बाय फोर आलेली पिकअप घेतली. घेताना तीन गोष्टी तपासल्या, त्या तुम्हीही तपासा. आरसीवरचं मॉडेल आणि आवृत्ती फोर बाय फोरचीच आहे का. चासीवरचा ठोकलेला क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला तर नाही ना. आणि आरसीवरचं रिकामं वजन वजनकाट्याच्या पावतीशी जुळतं का. तिसऱ्या तपासणीला दोन-चारशे रुपयेही लागत नाहीत आणि घरी केलेला बदल तिथेच उघडा पडतो.

व्यवहार ठरला की विक्रेता आणि खरेदीदार यांचे नमुना २९ आणि ३० भरायचे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचं. गाडीवर कर्ज असेल तर आधी नमुना ३५ देऊन आरसीवरची कर्जाची नोंद (एचपी) उतरवून घ्या. दुसऱ्या राज्यातली असेल तर नमुना २८ मधलं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा स्वतःच्या नावावर करून घ्यायचा अर्ज हस्तांतराच्या तारखेपासून चौदा दिवसांत द्यायचा असतो. आरसी हातात येईपर्यंत थांबलात तर ही मुदत निघून जाते, म्हणून नमुना ३० ची पोच मिळाली की त्याच दिवशी विमा कंपनीत जा.