केस वाढायच्या आत करंडक: सुमोमधल्या विद्यापीठीय मल्लांची पार्श्वभूमी

सुमो मल्लाला या धंद्यात किती दिवस झाले, ते त्याच्या डोक्याकडे पाहून कळते. नवा मुलगा येतो तेव्हा केस मोकळे असतात. ते मानेवर उतरले की तेल लावून मागे ओढतात आणि साधा बुचडा बांधतात, तो चोनमागे. जुर्यो या वरून दुसऱ्या श्रेणीत पोचलेल्या मल्लाला सामन्यासाठी गिंकोच्या पानासारखा पसरलेला ओइचोमागे बांधता येतो. पण त्याला केस चांगले लांब लागतात आणि ते वाढायला दोनेक वर्षे तरी जातात. पूर्वी याची अडचण क्वचितच येई. पंधराव्या वर्षी आलेला मुलगा जुर्योपर्यंत चढेतो केस केव्हाच वाढलेले असत.

२०२४च्या मार्चमध्ये ओसाकाची स्पर्धा ताकेरुफुजीने जिंकली. सर्वोच्च श्रेणीतली ही त्याची पहिलीच स्पर्धा होती, आणि पदार्पणातच विजेतेपद मिळाल्याला ११० वर्षे उलटली होती. चौदाव्या दिवशी उजवा घोटा दुखावला, तरी शेवटच्या दिवशी तो उतरला आणि जिंकला. मे महिन्यात तोक्योत ओनोसातोने सम्राटाचा चषक उचलला. व्यावसायिक सुमोतली ती त्याची जेमतेम सातवी स्पर्धा. दोघांच्याही डोक्यावर साधा चोनमागे होता. एक निहोन विद्यापीठातून आलेला, दुसरा निप्पोन क्रीडाशास्त्र विद्यापीठातून. सुमोत मुरायला लागणारी वर्षे त्यांनी बाहेर, विद्यापीठाच्या आखाड्यात काढली होती.

यातले नवल कळायला सुमोचे घर आतून पाहावे लागते. मल्ल हेयात राहतात. हेया म्हणजे तालीम आणि बिऱ्हाड एकाच छताखाली. तिथला वस्ताद तो ओयाकाता. बान्झुके या क्रमवारीला सहा पायऱ्या. खालच्या चार पायऱ्यांवर, म्हणजे जोनोकुची ते माकुशिता, महिन्याचा पगार नाही. राहणे-खाणे हेयाचे, वर स्पर्धेपुरता भत्ता. पहाटे रिकाम्या पोटी सराव, मग चांकोचे मोठे पातेले चढवायचे, वरच्या मल्लांची पाठ चोळायची, ते जेवून उठले की उरलेल्यावर आपण बसायचे. वरच्या दोन श्रेणींतल्या ७० जणांना पगार आहे, स्वतःची खोली आहे, दिमतीला खालची मुले आहेत. माकुशिता आणि जुर्यो यांच्यामध्ये कागदावर एक रेघ असते, पण त्या रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे माणसाचे आयुष्यच वेगळे.

चार वर्षे शिकून बाविसाव्या वर्षी येणाऱ्याने याच शिडीच्या पहिल्या पायरीवर उभे राहायचे का? विद्यापीठीय मल्लांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. सुमो संघटनेने काढलेली वाट म्हणजे त्सुकेदाशी: हौशी स्पर्धांत नाव कमावलेल्याला खालच्या पायऱ्या माफ. ती वाट कधी रुंद झाली, कधी अरुंद, यावरून संघटनेला या शिकलेल्या मुलांची किती गरज वाटत होती आणि किती धास्ती, हे नेमके कळते.

विद्यार्थी सुमो काही कालचा नाही. राष्ट्रीय विद्यार्थी अजिंक्यपद १९१९ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई गावी सुरू झाले. तिथली कुस्ती वेगळ्या घडणीची असते. बाद फेरीत एक हार झाली की खेळ संपला, शिवाय एकाच दिवसात लढती लागोपाठ. वरच्या श्रेणींतला व्यावसायिक मल्ल रोज एक लढत, अशा पंधरा दिवस लढतो आणि आज हरला तरी उद्या पुन्हा उभा राहतो. त्यामुळे विद्यार्थी मल्ल न हरायला शिकतो, सावध होतो. ‘विद्यापीठातून आलेले लवकर वर येतात, पण एका उंचीवर थांबतात,’ हे जुन्या जाणत्यांचे म्हणणे इथूनच आले, आणि कितीतरी वर्षे ते खरेही ठरत होते.

१९३०च्या दशकात वासेदा विद्यापीठात शिकलेला कासागियामा देवानोउमी हेयात होता. त्या काळी फुताबायामा हरतच नसे. कासागियामाने त्याच्या लढतींचा अभ्यास केला, कच्चे दुवे हेरले, आणि हेयातल्या मल्लांनी बसून डावपेच आखले. १५ जानेवारी १९३९ रोजी त्याच हेयातल्या आकिनोउमीने फुताबायामाची ६९ विजयांची मालिका तोडली. कासागियामाला स्वतःला मात्र फुताबायामावर कधीच विजय मिळाला नाही. शिकलेल्या मल्लाला डोके असते, पण हात कमी पडतात, ही समजूत अशा उदाहरणांनी घट्ट झाली असावी.

पुढे हाच फुताबायामा तोकित्सुकाझे नावाने वस्ताद झाला, आणि त्याच्याच हेयात १९६१ मध्ये तोक्यो कृषी विद्यापीठाचा युताकायामा दाखल झाला. दोन वर्षांत तो ओझेकी, म्हणजे योकोझुना या सर्वोच्च पदाच्या खालोखालच्या मानावर पोचला. विद्यापीठातून आलेला तो पहिला ओझेकी. आठ वेळा उपविजेता राहिला, विजेतेपद एकदाही नाही. मात्र १९९८ मध्ये तो सुमो संघटनेचा अध्यक्ष झाला.

हा सगळा समज वाजिमाने मोडला. इशिकावा प्रांतातल्या नानाओचा मुलगा, निहोन विद्यापीठाचा, दोनदा विद्यार्थी योकोझुना, म्हणजे विद्यार्थ्यांतला राष्ट्रीय विजेता. १९७०च्या जानेवारीत तो हानाकागो हेयातून माकुशिताच्या तळाशी उतरला, दोन स्पर्धांत जुर्योत गेला, आणि १९७३च्या मे महिन्यात पंधरापैकी पंधरा जिंकून ५४वा योकोझुना झाला. मल्ल आखाड्याचे नाव घेतात. त्याने आडनावच ठेवले. सोनेरी मावाशी, म्हणजे कमरेचा पट्टा, नेसायचा. डावा हात प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्यात आतून गेला की सामना संपल्यातच जमा होता. त्या हाताला लोक ‘सोन्याचा डावा’ म्हणत.

त्याच्या समोर उभा होता कितानोउमी. होक्काइदोचा हा मुलगा तेराव्या वर्षी, शाळेत असतानाच हेयात आला आणि १९७४ मध्ये, एकविसाव्या वर्षी योकोझुना झाला. एक हेयाच्या चुलीजवळ वाढलेला, दुसरा विद्यापीठातून थेट आलेला. सत्तरच्या दशकातला सुमो या दोघांच्या नावाने ओळखला जातो. वाजिमाची १४ विजेतेपदे, कितानोउमीची २४. माझ्या मते दोन वाटांची बरोबरी इतक्या उघडपणे पुन्हा कधी झाली नाही. वाजिमाचा शेवट दुःखद झाला. वस्ताद झाल्यावर त्याने हेयाचा वारसाहक्कच कर्जापोटी तारण ठेवला आणि १९८५ मध्ये त्याला सुमो सोडावा लागला. पण लढवय्या म्हणून त्याचे मोठेपण त्याने कमी होत नाही.

त्यानंतर ओघ वाढला. किंकी विद्यापीठाचा आसाशियो १९८३ मध्ये ओझेकी झाला. पुढे मंगोलियाच्या योकोझुना आसाशोर्यूचा तोच वस्ताद. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो माइनोउमी. आओमोरीचा बुटका पोरगा, निहोन विद्यापीठात शिकलेला, शिक्षकाची नोकरी ठरलेली. बरोबर सराव करणारा धाकटा सहकारी अचानक वारला, आणि याने ठरवले की आपल्याला जे खरे करायचे आहे तेच करायचे. भरतीला उंची १७३ सेंटिमीटर लागे, ती भरेना. त्याने टाळूच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतले, वेदना सोसल्या, आणि १९९० मध्ये उंचीच्या पट्टीखाली उभा राहून पास झाला. शंभर किलोच्या आसपासच्या या मल्लाने अडीचशे किलोंच्या वर वजन असलेल्या कोनिशिकीला पाडले. टाळूत सिलिकॉन भरण्यावर संघटनेने नंतर बंदी घातली.

१९९९ आणि २००० या दोन वर्षांत देजिमा, मुसोयामा, मियाबियामा असे विद्यापीठांतून आलेले तीन मल्ल ओझेकी झाले. लगोलग वाट अरुंद झाली. २००१ पासून चार ठरावीक राष्ट्रीय स्पर्धांपैकी एखादी जिंकल्याशिवाय माकुशितात थेट प्रवेश मिळेना. जिंकणाऱ्याला मात्र पूर्वीपेक्षा वरची जागा मिळू लागली: पंधरावी, आणि अव्वल हौशी किताबासह आणखी एक किताब असेल तर दहावी. मोजक्यांना उचलून घ्यायचे, बाकीच्यांनी तळापासून यायचे. ताकेरुफुजी असाच तळापासून आलेला. विद्यापीठात दुखापतींमुळे किताब हाती लागला नाही, म्हणून २०२२ मध्ये पदवीधर असूनही त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर पहिल्या पायरीवरून सुरुवात केली.

दरम्यान हेयांचा जुना झरा आटत होता. शाळा संपवून मुले भरती होतात ती मार्चची स्पर्धा. १९९२च्या मार्चमध्ये १६० नवे मल्ल आले होते. आता त्याच्या जवळपासही संख्या जात नाही. मुलेच कमी झाली, घरची गरिबी सरली. त्यातच २००७ मध्ये एका हेयात सतरा वर्षांचा शिकाऊ मुलगा मारहाणीत मेला. त्यानंतर कोणती आई पंधराव्या वर्षी पोर हेयात धाडेल? चार वर्षे शिकून, हाती पदवी ठेवून मग ठरव, हे घरच्यांना पटण्यासारखे होते. म्हणून विद्यापीठाचा आखाडा हाच सुमोची खरी रोपवाटिका होऊन बसला. शोदाई, आसानोयामा, मिताकेउमी हे २०२० ते २०२२ मधले तिन्ही नवे जपानी ओझेकी तिथलेच. २०२३ मध्ये संघटनेने नियम पुन्हा बदलले: दहा-पंधराची वरची जागा गेली, पण माकुशिताच्या तळाशी थेट प्रवेश मिळवणे पुष्कळ सोपे झाले.

योकोझुनापदाचे दार मात्र वाजिमानंतर कुणाही पदवीधराला उघडले नव्हते. ते २०२५च्या मे महिन्यात ओनोसातोने उघडले, ५२ वर्षांनी. तोही इशिकावाचा, त्सुबाता गावचा. पदार्पणापासून १३ स्पर्धांत योकोझुना; वर्षाला सहा स्पर्धा सुरू झाल्या त्या १९५८ पासून इतक्या वेगाने कुणी चढले नव्हते.

त्याचा वस्ताद निशोनोसेकी, म्हणजे पूर्वीचा योकोझुना किसेनोसातो, हा जुन्या वाटेने आलेला: शाळा संपल्यावर पंधराव्या वर्षी हेयात. निवृत्तीनंतर तो वासेदात, कासागियामाच्या विद्यापीठात, पदव्युत्तर शिक्षणाला बसला आणि हेया कसा चालवावा यावरच त्याने प्रबंध लिहिला. मग इबाराकीतल्या आमी गावी स्वतःचा हेया बांधला. बहुतेक हेयांत एकच आखाडा असतो आणि एक जोडी झुंजत असताना बाकीचे भिंतीला लागून उभे राहतात. निशोनोसेकीच्या हेयात आखाडे दोन आहेत.