नववा महिना लागलेल्या घरांसाठी : कळा आणणाऱ्या औषधांबद्दल आमचं म्हणणं

"सुनेची तारीख उलटून चार दिवस झाले, कळा सुरू व्हायला काहीतरी द्या." आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात हे वाक्य सतत कानावर पडतं. विचारणारी बहुधा सासू किंवा आई असते आणि तिला सिझरची धास्ती असते. ती धास्ती आम्हाला कळते. तरीही कळा आणण्यासाठी म्हणून आम्ही कुणालाही काहीही देत नाही. का देत नाही, हे गर्दीत उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी तारखेचं बघू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ही तारीख काढतात. नेमकी त्याच दिवशी बाळंत होणारी बाई विरळाच. पहिलटकरणीचे दिवस तर बऱ्याचदा तारखेच्या पुढेच जातात. शिवाय प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख दिसते आणि घरात गोंधळ उडतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख त्यातल्या त्यात भरवशाची, डॉक्टरही तीच धरतात. 41 आठवडे पूर्ण होऊनही कळा आल्या नाहीत, तर त्या आणाव्यात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण फार दिवस गेले की वारेचं काम मंदावू लागतं. म्हणजे वाट बघायलाही हद्द आहे. ती कुठे संपते हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

सगळ्यात जास्त मागणी एरंडेलाची. त्याने काहीच होत नाही असं आम्ही म्हणणार नाही. एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्यावर आणि गर्भाशयावर एकाच मार्गाने काम करतं, हे 2012 साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. म्हणूनच आम्हाला त्याची काळजी वाटते. मळमळ होते, जुलाब लागतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि पुढे तासन्‌तास कळा सोसायच्या त्या बाईची ताकद आधीच संपते. काहींना कळा येतच नाहीत, काहींना एकावर एक येतात.

दवाखान्यातही कळा आणतातच की, मग फरक काय, असं विचाराल. तिथे आधी पिशवीचं तोंड मऊ झालंय का, किती उघडलंय, हे तपासतात. गरजेप्रमाणे जेल किंवा गोळी देतात, मग कळांचं सलाईन थेंबाथेंबाने लावतात आणि बाळाचे ठोके ऐकत राहतात. ठोके मंदावले तर सलाईन तिथल्या तिथे बंद करतात. पोटात गेलेलं एरंडेल किंवा काढा असा बंद करता येत नाही. आधीचं सिझर असेल तर जोराच्या कळांनी जुना टाका फाटण्याची भीती असते. अशा घरात हा विचारसुद्धा नको.

कळलावीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिच्याने जीव जातो. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं येतात ती ही वेल. जमिनीखाली नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद असतो. तो उगाळून बाळंतिणीच्या बेंबीखाली किंवा तळपायाला लेप लावायची जुनी पद्धत आहे. कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. तो पोटात गेला तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, पुढे एकेक अवयव बंद पडत जातो. औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या ई-1 यादीत ती लांगली या नावाने आहे. आम्ही ती दुकानात ठेवत नाही. कुणी आठवडी बाजारातून आणून दिली, तरी घरात ठेवू नका.

गाजराचं बी, चित्रकमूळ, कच्च्या पपईचा चीक यांचे घरगुती प्रयोगही नकोत. अडुळशाचं खोकल्याचं औषधसुद्धा गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यातल्या वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. अननसाच्या चार फोडी खाऊन कळा येत नाहीत, आवडत असेल तर खा. हळीव आणि बाळंतशेपा आम्ही जरूर देतो, पण बाळंतपण झाल्यावर.

मग नवव्या महिन्यात घ्यायचं काय? खजूर घ्या. जॉर्डनमधल्या एका छोट्या अभ्यासात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या बायकांपैकी जास्त जणींना आपणहून कळा आल्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून हमी देता येत नाही. पण खजूर हे चांगलं खाणंच आहे. मात्र गरोदरपणातला मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रात्री गरम दुधात चमचाभर तूप घेतल्याने पोट साफ राहायला मदत होते, कळांशी त्याचा संबंध नाही. चालायलाही हरकत नाही, पण धाप लागेपर्यंत नको. नवव्या महिन्यातला तेलाचा पिचू (तेलात भिजवलेला कापसाचा बोळा योनीमार्गात ठेवणं) आणि बस्ती (गुदद्वारातून औषधी तेल देणं) हे आयुर्वेदात सांगितलेलं आहे, पण ते वैद्यांनी तपासून, आपल्या हातांनी करायचं काम आहे. बाटली विकत नेऊन घरी करू नका.

अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा 37 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर दुकानात फोन करण्यात वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा, गाडी नसेल तर 108 फिरवा. आणि सांगूनसवरूनही काही घेतलं गेलं असेल, तर काय घेतलं, किती आणि कधी, हे डॉक्टरांना खरं सांगा. कुणी रागावेल म्हणून लपवू नका. औषधाची पुडी किंवा बाटली सोबत न्या. पुढचे उपचार त्यावर ठरतात.

वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल, तर चिठ्ठी घेऊन या. ती वाचून, शंका आली तर त्यांना फोन करूनच आम्ही माल देतो.