तलाकनंतरची इद्दत: मुदत नेमकी कोणाची, आणि अर्ज कुठे अडतो

इद्दत, म्हणजे तलाकनंतर स्त्रीने पुनर्विवाह न करता पाळायचा काळ, संपून गेली, आता माजी पतीकडे हक्काचे पैसे मागण्याचा अर्ज करून काय उपयोग, असे कुणीतरी सांगितल्यामुळे न्यायालयाच्या दारातून परत फिरलेल्या स्त्रिया मी अनेकदा पाहिल्या आहेत, आणि असे सांगणाऱ्यांत न्यायालयात रोज वावरणारी माणसेही असतात, याची चीड येते. मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम ३ मधील इद्दतीची मुदत ही माजी पतीने पैसे चुकते करण्याची मुदत आहे. ती स्त्रीने अर्ज दाखल करण्याची मुदत नाही. त्याने त्या काळात दिले नाही, म्हणूनच तर तिला अर्ज करावा लागतो. शिवाय ही रक्कम केवळ इद्दतीपुरत्या पोटापाण्याची नसून पुढच्या आयुष्याची वाजवी आणि न्याय्य तरतूद असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

इद्दत म्हणजे सरसकट नव्वद दिवस, हाही असाच पसरलेला गैरसमज. कायद्यानुसार पाळी येत असेल तर तलाकनंतरच्या तीन पाळ्या, येत नसेल तर तीन चांद्रमास, आणि तलाकच्या वेळी स्त्री गरोदर असेल तर प्रसूती होईपर्यंत किंवा गर्भ पडेपर्यंतचा काळ ही इद्दत होय. चार महिने दहा दिवसांची इद्दत विधवेची असते, ती या अर्जात लिहू नये. पाळीचा दाखला कोणतेही कार्यालय देत नाही, त्यामुळे तो मागणाऱ्या कारकुनापुढे संकोचून गप्प बसण्याऐवजी तारखा शपथपत्रात लिहाव्यात. गरोदर असल्यास सोनोग्राफीचा अहवाल आणि दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड जोडावे.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते तलाकच्या तारखेवर, कारण तलाकनामा बहुतेकींच्या हाती नसतोच. तो टपालाने आला तर रागाच्या भरात परत पाठवू नका. आतल्या कागदाइतकाच टपालाचा शिक्का असलेला लिफाफाही जपून ठेवा. मात्र त्यात एका दमात तीन तलाक लिहिले असतील, तर तिहेरी तलाकबंदीच्या २०१९ च्या कायद्यानुसार असा तलाक लेखी असला तरी निरर्थक आहे, म्हणजे विवाह कायम आहे आणि इद्दत सुरूच झालेली नाही. अशा वेळी कलम ३ खाली ‘घटस्फोटित’ म्हणून अर्ज करण्याऐवजी पत्नी म्हणून त्याच २०१९ च्या कायद्याखाली निर्वाह भत्ता, किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागावी. पतीने ‘मी पूर्वीच तलाक दिला होता’ असे केवळ न्यायालयातल्या लेखी जबाबात म्हटले, तर तेवढ्याने तलाक सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात शमीम आरा प्रकरणात २००२ मध्येच ठरले आहे.

निकाहनामा हरवला असेल तर निकाह पढवणाऱ्या काझींच्या किंवा जमातीच्या नोंदवहीतून नक्कल मागावी. तो उर्दूत असल्यास मराठी भाषांतर जोडावे, आणि मेहरच्या, म्हणजे निकाहात पतीने पत्नीला देण्याचे कबूल केलेल्या रकमेच्या, रकान्याचे भाषांतर स्वतः वाचून घ्यावे. तिथे ‘ऐन’ या उर्दू अक्षराने लिहिलेला मुअज्जल म्हणजे तत्काळ द्यायचा मेहर आणि ‘वाव’ने लिहिलेला मुवज्जल म्हणजे नंतर द्यायचा मेहर. कानाला जवळपास सारख्याच वाटणाऱ्या या दोन शब्दांची भाषांतरात अदलाबदल झाली की ‘मेहर तर निकाहच्या दिवशीच दिला’ असा बचाव घ्यायला वाव मिळतो. न दिलेला कोणताही मेहर तलाकनंतर पती देणे लागतोच, पण वाद वाढून तारखा पडत जातात. मध्यस्थांनी पुढे केलेल्या कागदावर ‘सर्व मेहर मिळाला’ असे वाक्य असेल, तर पैसे हातात आल्याखेरीज सही करू नये.

लग्नात माहेरहून, नातेवाइकांकडून किंवा पतीकडून मिळालेल्या वस्तूही याच अर्जात मागता येतात. पावत्या क्वचितच सापडतात; तेव्हा लग्नाचे फोटो, सोनाराची जुनी चिठ्ठी, सामान पाहिलेले नातेवाईक यांच्या आधारे भांड्याकुंड्यांपासून कपाटापर्यंत सविस्तर यादी करावी. ‘सर्व सामान’ एवढेच लिहिलेला अर्ज वसुलीच्या वेळी निरुपयोगी ठरतो, कारण काय ताब्यात द्यायचे तेच आदेशात नसते. मूल आईजवळ असेल तर त्याच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा त्याचा खर्चही मागावा, आणि त्यासाठी जन्मदाखला जोडावा.

अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पतीच्या उत्पन्नाची मिळेल ती माहिती आणि शपथपत्र लागते. वकिलासाठी पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे, कारण स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. तिथे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ कडे नम्रपणे बोट दाखवावे.

कायद्याप्रमाणे अर्जाचा निकाल एका महिन्यात व्हायला हवा, आणि उशीर झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याची कारणे नोंदवायची असतात. आदेश झाल्यावर त्याची प्रमाणित प्रत लगेच घ्यावी. पतीने पुरेशा कारणाशिवाय पैसे दिले नाहीत, तर याच प्रतीच्या आधारे वसुलीचे वॉरंट मागता येते, आणि तरीही थकबाकी राहिली तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.